निरोप कुठे संपतो?

दिग्रसच्या बाजार समितीतून कापसाचा भाव, ७१५०, यवतमाळच्या संगणकाला कळवायचा आहे असे समजा. घटनेचे नाव 'भाव' आणि हा आकडा जावास्क्रिप्टने जेसनच्या रूपात बांधला नि टीसीपीच्या प्रवाहात सोडला. पण गंमत अशी, की प्रवाह फक्त बाइटांचा क्रम राखतो. निरोप कुठे संपला हे त्याला ठाऊक नसते! पलीकडे नोडच्या 'डेटा' घटनेत कधी अर्धा निरोप हाती येतो, कधी दीड. अर्धा जेसन उलगडत नाही. नुसता आकडा पाठवावा, तर ७१५० चे ७१ वाचले जातील. मग शेतकऱ्याने काय समजावे?

२०१३ साली बंद झालेल्या तारेत वाक्य संपले की 'स्टॉप' लिहीत. इथेही तसेच करावे. प्रत्येक निरोपाअखेर नव्या ओळीची खूण घालावी. घेणाऱ्याने तुकडे साठवावेत, खूण दिसली की तिथवरचा निरोप उलगडावा, उरलेला तुकडा पुढच्यासाठी जपावा. आणि बरं का, 'क'सारखे अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. तेही मधेच तुटू शकते. म्हणून 'सेटएन्कोडिंग'ने यूटीएफ-८ आधीच ठरवून द्यावे. एवढे झाले, की घटनेच्या नावाप्रमाणे योग्य त्या फंक्शनला हाक जाते आणि ७१५० हा ७१५० च पोचतो.