मांडीवरचा मुलगा आणि रांगेतलं बाळ

घटस्फोटानंतर मुलं कोणाकडे राहणार, यावर मागच्या भागात बोलणं झालं. आता जन्माने आपलं नसलेलं मूल कायद्याने आपलं कसं होतं ते पाहू.

महाराष्ट्राला दत्तक प्रकरण नवं नाही. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि सयाजीराव गायकवाड झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरच्या आनंदीबाईंनी दत्तक घेतला, ते शाहू महाराज. त्याआधी मरणापूर्वी घेतलेली दत्तकं नामंजूर करून डलहौसीने सातारा आणि झाशी खालसा केली होती. या साऱ्या खटपटीत गादी कोण चालवणार आणि पिंड कोण देणार, एवढीच चौकशी असे. मुलाला काय हवं, हे विचारायची रीत नव्हती.

पुण्यात मात्र एक वेगळं दत्तक झालं. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवलं होतं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये स्वतःचा म्हणून घेतला. तिथे गादी नव्हती, वतन नव्हतं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

घरासाठी मूल आणि मुलासाठी घर, हे दोन्ही हेतू आजही कायद्यात शेजारी शेजारी नांदतात. बहुतेक घोटाळे होतात ते एकाचे नियम दुसऱ्याला लावल्यामुळे.

पहिला रस्ता १९५६ च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्याचा. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू आहे. मूल देण्याचा हक्क आईवडिलांचा. पालक देणार असेल तर आधी न्यायालयाची परवानगी लागते. घरात मुलगा किंवा नातू असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी किंवा नात असेल तर मुलगी घेता येत नाही. नवऱ्याला बायकोची संमती लागते. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीने स्वतः दत्तक घेण्याचा हक्क मिळाला तो २०१० च्या दुरुस्तीने, म्हणजे तब्बल ५४ वर्षांनी.

दत्तक जाणारा पंधरा वर्षांच्या आतला आणि अविवाहित हवा, असंही हा कायदा सांगतो. रूढी वेगळी असेल तर मात्र सूट आहे. आपल्याकडे ती आहे. जुन्या मुंबई इलाख्यात मिशीवाला, बायकापोरं असलेला माणूसही दत्तक जात असे, आणि पंधरा वर्षांवरच्याच्या दत्तकाची ही रूढी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य धरली. म्हणून आजही निपुत्रिक काकांच्या शेतीसाठी पस्तिशीतला पुतण्या चुलतीच्या मांडीला मांडी लावून बसतो आणि फोटोग्राफर म्हणतो, जरा हसा.

तो फोटो काढून ठेवण्यात शहाणपणही आहे. दत्तहोम झाला की नाही, याने काही अडत नाही. मुलाला खरोखर दिलं आणि घेतलं का, यावर सारं ठरतं. दावा उभा राहतो तो बहुधा वीस-पंचवीस वर्षांनी, सातबाऱ्यावर नाव चढवताना. मग साक्षीदाराला विचारतात, मूल कोणी उचललं, कोणाच्या मांडीवर ठेवलं, बायको कुठे बसली होती? देणारा आणि घेणारा या दोघांच्या सह्यांचं दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं असेल तर न्यायालय दत्तक झालं असं धरून चालतं; खोडून काढायची जबाबदारी मग आक्षेप घेणाऱ्यावर. नोटरीच्या शिक्क्याला हे बळ नाही. आणि एकदा वैध झालेलं दत्तक मोडता येत नाही, ना आईबापांना ना मुलाला.

अनाथ, टाकलेल्या किंवा आईने स्वाधीन केलेल्या बाळांचा रस्ता दुसरा, २०१५ च्या बालन्याय कायद्याचा. इथे धर्म आड येत नाही. पूर्वी मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना पालकत्वावर भागवावं लागे; कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बालन्याय कायद्याखाली दत्तक घेता येतं, हे तेव्हाच्या, म्हणजे याआधीच्या बालन्याय कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन पाहणी करते. मग रांग. लहान, निरोगी बाळासाठी कित्येकांना तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. शेवटी एक दिवस बाळाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल येतो आणि ते राखून ठेवायचं की नाही, हे ठरवायला ४८ तास मिळतात. दोन वर्षांखालच्या बाळासाठी नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. एकट्या बाईला मुलगा, मुलगी कोणीही चालतं.

रांगेला कंटाळलेल्यांना कोणीतरी सांगतं, अमुक दवाखान्यात एक अडलेली मुलगी आहे, खर्चाचं तेवढं बघा, स्टॅम्पपेपर करून देतो. हे दत्तक नव्हे, ही मुलाची खरेदी आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. दवाखान्यातला माणूस गुंतला असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षं. प्रकरण उघडकीला आलं की बाळ बालकल्याण समितीच्या ताब्यात जातं, मग घरात त्याचं बारसं झालेलं असो वा नसो.

त्या अडलेल्या मुलीसाठी कायद्याने सरळ वाट ठेवली आहे, ती तिला सांगितली जात नाही, एवढंच. ती समितीपुढे बाळ स्वाधीन करू शकते, तिचं नाव गुप्त राहतं, आणि फेरविचाराला तिच्या हातात साठ दिवस असतात. तेवढ्यात मन बदललं तर बाळ तिचंच.

पुढच्या भागात: पुनर्विवाहानंतर मुलाला सावत्र वडिलांचं नाव लावायचं असेल तर जन्मदात्या वडिलांची सही का लागते.