उंच ड्रम की बुटका ड्रम?

दहावीचा पेपर दिला आणि ‘पाय आर स्क्वेअर एच’ला कायमचा टाटा केला, असं तुम्हालाही वाटतं ना? मलाही वाटायचं. मग आमच्या वाकोल्याच्या खोलीतला पाण्याचा ड्रम फुटला.

पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्यामुळे नवा ड्रम त्याच दिवशी हवा होता. दुकानात दोन दिसले. एक उंच: व्यास ४० सेंटीमीटर, उंची ९०. दुसरा बुटका: व्यास ५०, उंची ६०. ‘‘उंचच घेऊ, जास्त पाणी मावेल,’’ आई म्हणाली. मी मोबाइल काढून घनफळ केलं. उंच ड्रम ११३ लिटर, बुटका चक्क ११८! कारण सूत्रात उंची एकदाच गुणली जाते, त्रिज्या दोनदा. उंची दुप्पट केली तर पाणी दुप्पट, त्रिज्या दुप्पट केली तर चौपट. (पाय किती धरायचा? ११५० साली ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी रोजच्या कामासाठी २२/७ दिलंय. ड्रमसाठी तेवढं पुरतं.)

आता पृष्ठफळ बघा. तळ आणि बाजू मिळून उंच ड्रम साधारण १२,५७० चौरस सेंटीमीटर, बुटका ११,३९०. जाडी सारखी असेल तर बुटक्याला प्लास्टिक कमी लागतं, तरी पाणी जास्त मावतं.

खोटं वाटतंय? कॅन्टीनमध्ये करून बघा. ए-फोरचे दोन कागद घ्या. एकाची उंच नळी करा, दुसऱ्याची बुटकी. कडा फक्त टेकवून चिकटपट्टी लावा. कागद दोन्हीकडे सारखाच. आता उंच नळी बुटकीच्या आत उभी करा, कुरमुऱ्यांनी काठोकाठ भरा आणि अलगद वर उचला. बुटकी नळी साधारण ७० टक्केच भरेल!

हे सगळं मी तिथेच आईला ऐकवलं. तिने शांतपणे विचारलं, ‘‘अगं, मोरीचा कोपरा दीड फुटाचा आहे. तुझा ड्रम ठेवायचा कुठे?’’

दीड फूट म्हणजे जेमतेम ४६ सेंटीमीटर. ५० चा ड्रम बसणारच नव्हता.

उंच ड्रम घरी आला, झाकणासकट. कारण साठवलेल्या उघड्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. पाच लिटर पाणी कमी मावतं, पण मोरीत उभं राहता येतं. गणित माझं बरोबर होतं, मोरी मोजायची राहिली होती. तुम्ही ड्रम घ्यायला निघालात तर टेप आधी मोरीला लावा, मग सूत्र आठवा.