कंपवात : सही आणि वेळ

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स, हा केवळ हातांच्या थरथरीचा आजार, अशी माझीही समजूत होती. माझे मात्र प्रथम अक्षर बदलले. आयुष्यभर जमाखर्च लिहिलेल्या हाताची अक्षरे ओळीच्या शेवटी बारीक होऊ लागली आणि सही जुळत नसल्याने रुग्णालयाचा एक धनादेश परत आला. त्यानंतर तपासणी होऊन निदान झाले.

डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन केले. यात मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, चेहरा निर्विकार दिसतो. त्यास अनास्था समजू नये, ही कुटुंबीयांस विनंती.

विकार समूळ बरा होत नाही. तथापि लेव्होडोपा या औषधाने हालचाल पुष्कळ सुधारते. प्रथिनयुक्त आहारामुळे त्याचा परिणाम उणावू शकतो, म्हणून मी गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घेतो. बैठकाही गोळीचा अंमल असतानाच ठेवतो. दारात पाय खिळले तर मनात अंक मोजून पाऊल उचलतो.

धनादेशांवरील सहीचा अधिकार मी स्वतःहून सोडला. उर्वरित काम विश्वस्तांनी माझ्याकडेच ठेवले, याबद्दल कृतज्ञ आहे.

या अनुभवातून एक सुधारणा झाली. कक्षातील औषधफेरीची वाट न पाहता अशा रुग्णास गोळी त्याच्या नेहमीच्या वेळीच दिली जाते. विलंब झाल्यास त्याचे उठणे-बसणेही अडते. तरी रुग्णास दाखल करताना नातेवाइकांनी औषधांची नावे, मात्रा व नेमक्या वेळा लिहून आणाव्यात, ही नम्र विनंती.