टपावरचं अ‍ॅल्युमिनियम

जुन्या एसटीच्या मागच्या शिडीवरून ट्रंका आणि गाठोडी टपावर चढताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कॅरिअर नवा नाही. तो लोखंडी असे, जड असे, आणि बसच्या वजनापुढे त्याची कोणी फिकीर करत नसे. आज थार, जिमनी, गुरखा घेऊन डोंगरवाटांना लागणारी मंडळी तोच कॅरिअर फॅब्रिकेटरकडून अ‍ॅल्युमिनियमचा करून घेतात आणि त्याच्या पुढच्या कडेला दिव्यांची पट्टी लावतात. ही हौस मला मनापासून आवडते. पण यातले बरेचसे कॅरिअर लोखंडाच्याच आराखड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पाइप वापरून उभे राहतात, आणि गडबड तिथेच होते. धातू बदलला की आराखडाही बदलावा लागतो.

या धातूचं आणि रानवाटेच्या गाड्यांचं नातं जुनं आहे. १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर पहिल्यांदा लोकांपुढे आली. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाचं रेशनिंग चालू होतं, म्हणून तिच्या बॉडीचे बहुतेक पत्रे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. सगळा ताण सोसणारी चासी मात्र पोलादाचीच राहिली. कोणता धातू कुठे चालतो, याची समज त्या टंचाईतही सुटली नव्हती.

आता हिशेब पाहू. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८५. मध्यम आकाराच्या कॅरिअरला साधारण २० मीटर पाइप लागतो असं धरू. ४० बाय २० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप घेतला तर नुसता सांगाडा ३५ किलोचा होतो. त्याच मापाच्या अ‍ॅल्युमिनियमचा १२ किलोचा. इथवर सगळे खूश असतात. पण अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश आहे. माप तेच ठेवलं तर त्याच ओझ्याखाली पाइप तिप्पट वाकतो, आणि खडबडीत रस्त्यावर हे वाकणं मिनिटाला कितीतरी वेळा घडतं. उपाय सोपा आहे: पाइपची उंची वाढवा. तोच पाइप ४० बाय ४० चा केला, जाडी २ मिलिमीटरच ठेवली, तर त्याचा वाकण्याला होणारा विरोध पाचपट वाढतो आणि तो मूळच्या पोलादी पाइपपेक्षाही ताठ ठरतो. सांगाडा साडेसोळा किलोच्या आसपास राहतो. म्हणजे पोलादाच्या निम्म्याहून कमी वजनात जास्त ताठ कॅरिअर.

दुसरी गोष्ट जोडांची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कारखान्यांत ज्याला ‘आर्गन मारणं’ म्हणतात, ते टिग वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमवर नाजूक काम आहे. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या पुढे. म्हणून एसी करंट लागतो. जोडाची जागा अ‍ॅसिटोनने पुसून फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासावी लागते. एवढं करूनही ६०६१-टी६ सारख्या उष्णतेच्या प्रक्रियेने कणखर केलेल्या मिश्रधातूत वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. वेल्डिंग वाईट झालं म्हणून नव्हे, झालेल्या उष्णतेमुळेच. त्यातून अ‍ॅल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची खालची मर्यादा नसते: छोटे धक्केही पुरेशा वेळा बसले की चीर पडते. म्हणून पाइपच्या मधोमध, जिथे वाक सर्वाधिक, तिथे वेल्ड नको. कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या हव्यात, आणि शक्य तिथे नायलॉक नट लावून बोल्टने जोडलेली बांधणी मी केव्हाही पसंत करेन. तिचा एखादा आडवा पाइप कुठल्याही तालुक्याच्या गावी बदलता येतो.

कोकणात फिरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. खाऱ्या दमट हवेत स्टेनलेस बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले तर अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा.

कॅरिअरचे पाय कुठे टेकतात, हे गाडीवर अवलंबून. जिमनीच्या टपाला पन्हळीची कड आहे, तिथे क्लॅम्प छान बसतात. कापडी टपाच्या थारवर पायांना टेकायला जागाच नसते. ते बॉडीपर्यंत खाली आणावे लागतात.

टपावरचं वजन चासीवरच्या वजनासारखं वागत नाही. समजा, १७०० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. १९५ सेंटिमीटर उंचीवर ६० किलो चढवले की तो चार सेंटिमीटरने वर सरकतो, आणि कलंडण्याला होणारा विरोध सहा टक्क्यांच्या आसपास घटतो. आडव्या उतारावर एवढा फरक पुरतो.

दिव्यांबद्दल माझं मत अनेकांना रुचणार नाही. आंबोली किंवा ताम्हिणीच्या धुक्यात टपावरची पट्टी निकामी ठरते, कारण तिचा प्रकाश चालकाच्या नजरेच्या रेषेजवळून निघतो आणि धुक्याच्या थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो. फॉग लॅम्प खाली असतात ते याच कारणाने. उघड्या, कोरड्या रानात मात्र उंचावरचा दिवा दूरवरचे खड्डे दाखवतो. पट्टी कडेपासून थोडी मागे घ्यावी, म्हणजे बॉनेट उजळून डोळे दिपत नाहीत. १२० वॅटची पट्टी १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढते. जाऊन-येऊन १० मीटर वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच एक व्होल्टहून जास्त गळतो, अडीचची घ्यावी. रिले हवाच, आणि फ्यूज बॅटरीला लागून.

कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावू देत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांना आळा घालतं, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. घाटात समोरून येणाऱ्या एसटीचालकाचे डोळे दिपले तर काय होईल, ते सांगायला कलमही लागू नये.

कॅरिअर तयार झाला की गाडीवर चढवण्याआधी तो वजनकाट्यावर ठेवा. आलेला आकडा मॅन्युअलमध्ये दिलेल्या टपाच्या भारमर्यादेतून वजा करा, आणि उरेल तेवढंच सामान वर बांधा.