कक्षेतल्या कारखान्याची पंचावन्न वर्षे

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात वजन जवळजवळ नाहीसे होते. तापलेला द्रव वर चढत नाही, जड कण तळाला बसत नाहीत आणि स्फटिक संथपणे वाढतो. अवकाशात माल तयार करण्याची सारी उमेद यावरच उभी राहिली.

सुरुवात जोडकामाने झाली. ऑक्टोबर १९६९मध्ये सोव्हिएत ‘सोयूझ-६’ यानात ‘वल्कन’ यंत्राने धातूचे वेल्डिंग करून पाहण्यात आले. १९७३मध्ये अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’वर भट्टी गेली. पुढे शटलमध्ये १० मायक्रॉनचे, अगदी एकसारखे लॅटेक्स मणी तयार झाले. मोजमापाचे प्रमाण म्हणून ते १९८५मध्ये विक्रीस आले. अवकाशात बनून बाजारात आलेला हा पहिला माल. त्याच दशकात मॅकडॉनेल डग्लसने एरिथ्रोपोएटिन हे रक्तवाढीचे औषध शटलवर शुद्ध करण्याचा घाट घातला. पण जनुक अभियांत्रिकीने तेच औषध जमिनीवर करण्याची वाट मोकळी केली आणि भागीदार औषध कंपनी बाहेर पडली. या क्षेत्राचा खरा प्रतिस्पर्धी जमिनीवरचे तंत्रच आहे, हे तेव्हा कळले.

भारताचे पाऊल १० जानेवारी २००७ रोजी पडले. पीएसएलव्ही-सी७ने नेलेल्या ५५० किलोंच्या ‘एसआरई-१’ कुपीत धातू वितळवून स्फटिक घडवणारी छोटी भट्टी होती. बारा दिवसांनी कुपी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. पीएसएलव्हीच्या मोटारींची आवरणे बनवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातले वालचंदनगरही आहे.

अलीकडचा सर्वांत बोलका प्रयोग औषधाचा आहे. रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधात १९९८मध्ये अचानक वेगळाच, कमी विरघळणारा स्फटिक उतरू लागला आणि कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. याच औषधाचा तिसरा स्फटिकरूप प्रकार ‘वार्दा’ कंपनीच्या कुपीने कक्षेत तयार केला; ती २१ फेब्रुवारी २०२४ रोजी युटामध्ये उतरली.

स्फटिकाचा हा प्रश्न सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीसारख्या रसायनांच्या वसाहतीला जवळचा आहे. तिथे कारखाना असलेली बालाजी अमाइन्स मधुमेहावरील मेटफॉर्मिनला लागणारे डीएमए हायड्रोक्लोराइड बनवते. असा टनांनी खपणारा माल कक्षेत करणे परवडणारे नाही. तिथे करण्याजोगे आहे ते ग्रॅमवर विकले जाणारे औषध आणि त्याच्या स्फटिकाचा अभ्यास.