शुगर कोणत्या प्रकारची?

बारामती एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या एखाद्या बारीक बाईला शुगर निघते. गोळ्या चालू असूनही शुगर उतरत नाही, वजन मात्र उतरतं. मग घरचे म्हणतात, "तूच पथ्य पाळत नाहीस." पण दोष तिचा नसेलही.

टाइप १ मधुमेहात शरीरच स्वतःच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतं. हा फक्त मुलांचा आजार नाही. मोठेपणी हळूहळूही सुरू होतो. टाइप २ मध्ये इन्सुलिन बनतं, पण नीट लागू पडत नाही.

मग बारीक म्हणजे टाइप १ का? तसंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१. दोघांनी २००४ साली ते छापलं. म्हणजे बारीक दिसणाऱ्यालाही टाइप २ होऊ शकतो.

म्हणून अंगकाठीवर न जाता डॉक्टरांना विचारा, "जीएडी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड तपासायचं का?" कधी उत्तर एका फेरीत मिळत नाही, काही महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. तोवर शुगर आणि वजन वहीत लिहा. गोळ्या, इन्सुलिन मनाने बंद करू नका. शुगर वाढलेली असताना उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली, तर पाळी संपायची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा.

आणि गटातल्या बायांनो, तिला बोल लावण्याआधी तिच्यासोबत दवाखान्यात जा.