विमा कंपनीची पारख

दिवाळीनंतर खामगावच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत रुईच्या गाठींच्या थप्प्या लागतात. एका ठिणगीची धास्ती म्हणून मालक आगीचा विमा काढतो आणि हप्त्यासाठी घासाघीसही करतो. पण विमा हे वचन आहे. ते देणाऱ्याची ऐपत पाहिली जाते का?

ती पाहता येते. देणी वजा जाता कंपनीकडे उरणारी मालमत्ता नियमाने आवश्यक रकमेच्या किती पट आहे, हे सॉल्व्हन्सी गुणोत्तर सांगते. विमा नियामकाने ते किमान १.५ ठरवले आहे. कंपनीला हा आकडा दर तिमाहीला संकेतस्थळावर द्यावा लागतो. शंभर रुपये हप्त्यामागे दावे आणि खर्च मिळून किती गेले, हेही तिथेच कळते.

एका तिमाहीवर विसंबू नये. काही वर्षांची चाल पाहावी. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्याही १.५ च्या खाली गेल्या होत्या. २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत केंद्राने त्यांत १७,४५० कोटी रुपयांचे भांडवल घातले. खासगी कंपनीमागे असा मालक नसतो.

कापूस घेताना व्यापारी धागा ओढून पाहतो. पॉलिसी घेतानाही तशीच पारख हवी, आगीच्या आधी.